शिशाचं गाव

शिशावरचा तो सोळा पानांचा इंग्रजी निबंध त्या दिवशी माझ्या ट्रंकेत होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ट्रंक तर तिच्या माहेरची. पन्नाशी उलटली की माणूस खरं बोलू लागतो, असं काही नाही. ज्यांच्यापुढे खोटं टिकवायचं ती माणसं एकेक करून दृष्टीआड होतात, एवढंच. आमचे हेडमास्तर वारले. तपासनीस साहेब पुण्याला नातवंडं खेळवतात. तेव्हा आता नामदेव भोईरांविषयी लिहायला हरकत नाही. माझ्या धैर्याचं हे साधारण मोजमाप आहे, ते वाचकांनी आधीच लक्षात घ्यावं.

लढाईची वर्षं होती. कर्जतच्या आमच्या शाळेत आम्ही दोघे एकाच महिन्यात लागलो. मी अलिबागचा, गणिताला. भोईर मास्तर कडावचे, शास्त्राला. दोघेही हंगामी. कायम जागा एकच होणार होती आणि ती दोघांपैकी एकाला मिळणार होती, हे पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. आम्ही एकमेकांशी प्रेमाने वागावं म्हणून असेल.

मला ती जागा हवी होती, कारण सगळ्यांनाच हवी असते. भोईर मास्तरांना हवी होती त्याला कारण होतं. त्यांची बायको आणि दोन मुली कडावला होत्या. कायम झालो की कर्जतला दोन खोल्या घ्यायच्या आणि थोरलीला इथल्या शाळेत घालायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खोल्या पाहून ठेवल्या होत्या. मलाही नेऊन दाखवल्या. रिकाम्या खोलीत उभे राहून म्हणाले, "पंत, थोरली हितं बसंल, खिडकीशी. उजेड हाय चांगला." त्यांच्या भातशेती करणाऱ्या घरातला बी.एस्सी. झालेला हा पहिलाच माणूस. त्याच्या तोंडी हाय-नाय तसंच राहिलं होतं, आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटत नव्हती. आम्हा बाकीच्यांना मात्र वाटत होती.

अंगाने आडवे, मान आखूड, बोटं मात्र सोनाराची. कॉलेजनंतर तीन वर्षं त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत आधी बाटल्या धुतल्या आणि मग एका प्राध्यापकांसाठी वजनं केली. काचेच्या पेटीतल्या काट्यावर, श्वास रोखून. त्या सवयीने ते कोणतीही वस्तू हातात घेताना आधी श्वास थांबवत. चहाचा कप घेतानासुद्धा. नवख्या माणसाला वाटे, यांना चहात काहीतरी दिसलं.

दुसरी सवय म्हणजे 'कुठलं?' विचारण्याची. माणसाला गाव विचारतो आपण सगळेच. हे मिठाला विचारत. तांदूळ हातात घेत, एक कच्चा दाणा चावत आणि म्हणत, "ह्यो चौक गावाकडचा. आपल्याकडचा नाय." मी एकदा म्हटलं, "कोलम तो कोलमच ना?" तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कोणाच्या तरी आईविषयी वाईट बोललोय. "नाव येक असलं म्हनून काय झालं, पंत? पानी कुठलं प्यालाय ते नको बघायला?"

एकदा बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. शेठ तांदूळ तोलत होता. भोईर मास्तरांनी काट्यावरचं लोखंडी वजन उचललं, श्वास थांबवला आणि ते उलटं केलं. अशा वजनांच्या पोटाला एक खळगा असतो आणि वजन बरोबर भरावं म्हणून त्यात शिसं ओतलेलं असतं. त्या शिशावर नखाने रेघ ओढून त्यांनी विचारलं, "शेठ, ह्ये शिसं कुठलं?"

शेठचा चेहरा उतरला. "मास्तर, सरकारी शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्का ऱ्हाऊं द्या हो. शिसं कुठलं? कुठल्या खाणीचं, काय ठाव हाय?"

शेठने वजन त्यांच्या हातातून अदबीने काढून घेतलं, बाजूला ठेवलं, गादीखालून दुसरं काढलं आणि त्या वजनाने पुन्हा तोललं. वर दोन मुठी तांदूळ टाकले. परत येताना भोईर मास्तर पिशवी पुन्हापुन्हा हातावर तोलून पाहत होते. मग म्हणाले, "पंत, त्यानं जास्त का दिलं?"

"घाबरला."

"कशाला?"

त्यांना खरोखर कळलं नव्हतं. वजन खोटं असू शकतं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते फक्त शिशाची चौकशी करत होते. पुढे वर्षभर त्या दुकानात आम्हा सगळ्या मास्तरांना माप भरून मिळालं. आमच्या शाळेला विज्ञानाचा झालेला तो एकमेव रोख फायदा.

शिशाचा हा नाद त्यांनी मुंबईहून आणला होता. मूलद्रव्यांचा तक्ता त्यांनी एका जुन्या धोतरावर स्वतः रंगवला होता, गावच्या नकाशासारखा: आळ्या, घरं, घरांना नंबर. "शिशाचं घर ब्याऐंशी नंबरचं." मग वर्गाला सांगत, की घर एक असलं म्हणून आतली माणसं एका वजनाची असतात असं नाही. शिशाचे अणू चार तऱ्हांचे: दोनशे चार, दोनशे सहा, दोनशे सात आणि दोनशे आठ वजनाचे. गुण सगळ्यांचे सारखे. एका ताटात जेवणारे. वजनं तेवढी वेगळी. याला आता पुस्तकांत समस्थानिक असा शब्द छापतात. तेव्हा मराठीत शब्द नव्हता, निदान कर्जतपर्यंत आला नव्हता. भोईर मास्तरांनी आपला केला होता: एकघरे.

पाठ्यपुस्तकात शिशाचा अणुभार दोनशे सात पूर्णांक दोन दिलेला होता. ते म्हणत, "ही सरासरी हाय. सरासरी कुनाला भेटलीय का?" हे वर्गाला पटेना, तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस पोरांना ते कर्जत स्टेशनच्या पार्सल ऑफिसात घेऊन गेले. सामान तोलायच्या काट्यावर एकेकाला चढवलं. पार्सलबाबू आधी चिडला, मग स्वतःच वजनं वाचून दाखवू लागला. बेरीज झाली, भागाकार झाला. सरासरी बहात्तर रत्तल. "आता बहात्तर रत्तलवाल्यानं हात वर करा."

कोणाचाच हात वर होईना.

"मग ह्यो बहात्तर रत्तलवाला गेला कुठं रं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "गैरहजर हाय, मास्तर."

भोईर मास्तर इतके हसले की त्यांना काट्यावरच बसावं लागलं. बाबूने तेही वजन वाचून दाखवलं. "अगदी असंच," ते डोळे पुसत म्हणाले. "दोनशे सात पूर्नांक दोन वजनाचा येक पन अणू दुनियेत नाय. तो कायमचा गैरहजर हाय. आनि पुस्तकात हजेरी त्याचीच."

यापुढचा भाग जास्त नाजूक होता. बहुतेक धातूंत ही मिसळण सगळीकडे सारखीच असते. तांबं कुठलंही घ्या, अणुभार तोच. शिसं तसं नाही. युरेनियमच्या दगडात जे शिसं तयार होतं त्याचा अणुभार दोनशे सहाच्या किंचित वर भरतो. थोरियमच्या दगडातलं दोनशे आठला टेकतं. दिसायला दोन्ही शिसंच. म्हणून भोईर मास्तरांनी वर्गाला नियम घालून दिला: लोखंडाचा, तांब्याचा अणुभार विचारला तर आकडा सांगायचा. शिशाचा विचारला तर आधी गाव विचारायचं.

मला हे थोतांड वाटलं. खरं म्हणजे थोतांड असावं असं वाटलं. मी त्यांना म्हटलं, "याला आधार काय?" त्यांनी पेटीतून निबंध काढला. त्यांच्या प्राध्यापकांनी निरोप देताना दिलेला, विलायतेत छापलेला, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा. "न्या. सावकाश वाचा."

मी तो नेला, त्यात चूक सापडेल या आशेने. तीन रात्री वाचला. चूक सापडली नाही. म्हणूनच परत करायचा राहिला.

मग तपासनीस आले. त्यांचा शेरा चांगला पडला की अनुदान, आणि अनुदान मिळालं की कायम जागा. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी भिंती धुवून घेतल्या होत्या. मी आणि हेडमास्तर साहेबांच्या मागे दारात उभे. साहेबांनी पुस्तक उघडलं, त्यातल्या अणुभारांच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"लोखंड?" वर्गाने आकडा सांगितला. "तांबं?" सांगितला. "जस्त?" सांगितला. साहेब खूष झाले. भोईर मास्तर खिडकीशी श्वास थांबवून उभे होते.

"शिसं?"

सत्तावीस गळ्यांतून एका सुरात उत्तर आलं, "कुठल्या गावचं, सायेब?"

त्या सुरात खोडी नव्हती. पाढा म्हणावा तसं म्हणाली पोरं. पण धुतलेल्या भिंतींत तो आवाज फार घुमला. साहेबांना वाटलं, आपली थट्टा झाली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते ऑफिसात चालते झाले.

ऑफिसात आम्ही चौघे. साहेब खुर्चीवर, बाकीचे उभे. भोईर मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. घाईत त्यांची भाषा आणखी गावाकडे गेली. साहेब सगळा वेळ त्यांच्या हाय-नायकडेच लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाय, साहेब. निबंध हाय. छापील."

"दाखवा."

"वाचायला दिलाय."

"कोणाला?"

भोईर मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या दौतीकडे पाहत म्हणाले, "हाय येक मानूस. विषय जड हाय. त्याला जरा येळ लागतोय."

माझी खोली शाळेपासून चार मिनिटांवर होती. ट्रंकेला कुलूपसुद्धा नव्हतं. मी 'आत्ता आणतो' म्हणालो असतो तर साहेबांचा चहा निवायच्या आत निबंध टेबलावर आला असता. मला हे सगळं त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गोंधळलो होतो. मी गोंधळलो नव्हतो.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही गणिताचे ना? तुमचं काय मत?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. मघाशीच त्यांनी माझं आडनाव विचारून घेतलं होतं, आणि अलिबागचे आमचे कोण कोण त्यांना ओळखतात याची यादीही झाली होती.

मी म्हणालो, "पाठ्यपुस्तकात दोनशे सात पूर्णांक दोन दिलंय, साहेब."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. इतकं निर्दोष वाक्य मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर बोललेलो नाही.

शेरा पडला: शास्त्रशिक्षक निराधार गोष्टी शिकवतात. वर्ष संपल्यावर भोईर मास्तरांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. कायम जागा मला मिळाली, आणि गणिताबरोबर शास्त्रही. त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत मी बसू लागलो. घर तेच, वजन वेगळं; वर्गातल्या पोरांना हे कळत असावं असं मला उगाच वाटत राही.

निघण्यापूर्वी ते माझ्या खोलीवर आले. निबंध मागायला आले असतील म्हणून मी ट्रंकेकडे पाठ करून उभा राहिलो, जणू ती दिसणार नव्हती. बसले, चहा घेतला, नेहमीसारखा श्वास थांबवून. मी विचारायला नको ते विचारलं. "तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"घेतलं असतं, आनि तुमी नाय बोलला असता," ते म्हणाले, "तर आज हितं च्या प्यायला येनं जड गेलं असतं." मग उठताना, "खालापूरला भाताच्या गिरनीत काटा सांभाळायचं काम हाय. बरं हाय. तोलायचंच हाय ना. निबंध र्‍हाऊं द्या तुमच्याकडं. तिसऱ्या पानावरचा तक्ता नीट बघा, पंत. गोष्ट समदी त्या तक्त्यात हाय."

त्या दोन खोल्या पुढे पोस्टातल्या कोणीतरी घेतल्या. मुली कडावलाच राहिल्या. थोरली शिकली की नाही, मी विचारलं नाही.

मी वर्गात दोनशे सात पूर्णांक दोन शिकवू लागलो. पोरं आकडा सांगू लागली. धोतराचा तक्ता मी गुंडाळून कपाटात टाकला. पुढच्या तपासणीत शेरा उत्तम पडला.

मग जपानवर बाँब पडला, आणि आठवड्याभरात अख्ख्या कर्जतला अणूविषयी मतं झाली. वर्तमानपत्रांत युरेनियमचे अणू, दोनशे पस्तीसचा आणि दोनशे अडतीसचा. एकाच नावाचे दोन कसे, हे कोणाला उमगेना. तेच तपासनीस साहेब पुन्हा फेरीवर आले होते. म्हणाले, जाहीर व्याख्यान ठेवा, मी अध्यक्ष होतो. वक्ता मी. शाळेत दुसरं कोण होतं?

मी कपाटातून धोतर काढलं, ट्रंकेतून निबंध काढला आणि व्याख्यान दिलं. तक्ता म्हणजे गाव, आळ्या, घरांचे नंबर. युरेनियमचं घर ब्याण्णव. एका ताटात जेवणारे, पण वजनं वेगळी. आणि त्यातल्या हलक्याच्या अंगात काय रग असते ती आपण जपानात पाहिली. 'सरासरी गैरहजर असते' हे वाक्यही मी सोडलं नाही. त्यावर मोठा हशा झाला. शेवटी मी म्हणालो, "अशा अणूंना आपण एकघरे म्हणू." साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "वा! शब्द फार छान योजलात." मी मान लववली.

"कोणाला काही विचारायचं आहे?" साहेबांनी विचारलं.

अगदी मागच्या रांगेत भोईर मास्तर उभे राहिले. ते केव्हा आले मला दिसलं नव्हतं. डोक्याला मुंडासं, सदऱ्यावर गिरणीचा कोंडा. खालापूरहून आले होते. मी टेबलावरचा निबंध हाताखाली झाकला. आता हे बोलणार, आणि बरं होईल, असंही त्याच क्षणी वाटलं.

त्यांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द तोलून, पुस्तकी मराठीत विचारलं, "गुरुजी, ही माहिती आपल्या शाळेत मुलांना शिकवतात का?"

मला वाटतं, याहून सोपा प्रश्न कोणी कोणाला कधी घातला नसेल. 'यांनी शिकवली होती,' एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांनी माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. पोराला अडलेली ओळ सुचवावी तसे पाहत होते.

मी साहेबांकडे पाहिलं. म्हणालो, "नाही. अद्याप नाही."

"शिकवायला हवी," भोईर मास्तर म्हणाले.

"सूचना स्वागतार्ह आहे," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा वर करून मागच्या रांगेकडे निरखून पाहिलं. ओळखलं नाही. "आपण शिक्षक आहात का?"

"होतो," ते म्हणाले आणि लोकांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरत रांगेतून बाहेर पडले. दारात त्यांनी मुंडासं सारखं केलं. टाळ्या चालू होत्या, त्या माझ्यासाठी होत्या, आणि त्या थांबेपर्यंत त्यांची पाठ रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली मला खिडकीतून दिसत होती. आखूड मान, आडवे खांदे. मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

ते आहेत अजून. गेल्या वर्षी खालापूरचा एक गिरणीवाला सांगत होता, काट्यावर अजून तेच असतात आणि पोत्याला हात लावण्यापूर्वी भात कुठलं ते विचारतात. खालापूर इथून लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. मी गेलो नाही.

'भोईर मास्तर बरोबर होते आणि ते मला माहीत होतं', हे मी त्यांच्या देखत, चार माणसांत उभं राहून म्हणायला हवं. तेवढं मी त्यांचं देणं लागतो. ते मी दिलेलं नाही. हे लिहिलं आहे, ते त्यात धरू नये.